कुलूप पुन्हा ओढून बघणारी माणसं

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरून उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय हमखास थबकतात. कुलूप लावलं ना? किल्ली पर्समध्ये टाकल्याचा आवाज आत्ताच ऐकलेला असतो. तरीही दोन जिने परत चढून मी कुलूप ओढून बघते. ते लागलेलंच असतं. आजवर एकदाही उघडं सापडलेलं नाही, आणि या भक्कम इतिहासाचा दुसऱ्या दिवशी सकाळी काडीचाही उपयोग होत नाही. समोरच्या काकू दार किलकिलं करून "आज पण?" एवढंच विचारतात.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत हाच प्रश्न घरोघरी पडतो. गाडी खोपोली सोडून घाटाला लागते आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, "अहो, गॅस बंद केला होतात ना?" पुढची दहा मिनिटं जी उलटतपासणी चालते ती एखाद्या मुरलेल्या वकिलालाही जमणार नाही. शेवटी शेजारी फोन जातो. किल्ली त्यांच्याकडे ठेवलेली असतेच. "सगळं बंद आहे हो, निवांत जा."

या खोडीला घरात मिळणारी नावं ठरलेली आहेत: संशयी, विसराळू, वेंधळी, आणि हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं 'ओसीडी', म्हणजे एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. स्वतःपुरतं समजून घ्यावं म्हणून मी या विषयावरचं बरंच काही वाचलं, तेव्हा यातलं एकही नाव मला नीट बसेना.

पाचच मिनिटांपूर्वीचं आठवत कसं नाही?

दूधवाल्याचा हिशोब आपण कसा ठेवतो? दूध आलं त्या दिवशी कोणी काही लिहीत नाही. आलं नाही त्या तारखेवर कॅलेंडरवर खाडा मांडतो. महिन्याच्या शेवटी खाडे मोजून वजा केले की झालं. आता कोणी विचारलं, "चौदा तारखेला दूध आलेलं तुला आठवतं का?" तर आपण म्हणू, "खाडा नाही, म्हणजे आलं असणार." आलेलं *आठवत* मात्र नसतं.

मेंदूही रोजच्या कामांचा हिशोब बहुतेक असाच ठेवतो. वर्षातून तीनशे वेळा लावलेल्या कुलपाच्या तीनशे वेगळ्या नोंदी तो करत बसत नाही. किल्ली अडकली, हातातली पिशवी फाटून बटाटे जिन्यावर घरंगळले, तर तो खाडा पडला आणि त्या दिवशीचं कुलूप वर्षभर लक्षात राहिलं. जिथे काहीच बिनसलं नाही, तिथे शोधायला गेलं तर हाती कोरं पान लागतं. गंमत अशी की कुलूप व्यवस्थित लागलं म्हणूनच ते आठवत नाही.

शास्त्रात यासाठी दोन वेगळ्या स्मृती मानतात. एक प्रसंगाची: काल लग्नात कोण भेटलं, काय जेवलो. दुसरी हाताची: सायकल चालवणं, पोळी लाटणं, कुलूप लावणं. या दोन वेगळ्या आहेत याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा एका अमेरिकन रुग्णाने दिला. हेन्री मोलेसन त्याचं नाव. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याच्या मेंदूचा काही भाग शस्त्रक्रियेने काढला आणि त्यानंतर त्याला नवे प्रसंग लक्षात राहीनासे झाले. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज त्याला वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय. पण हात दिवसेंदिवस सुधारत गेला. हाताला आठवत होतं, माणसाला नव्हतं.

दाराशी आपलंही घटकाभर तसंच होतं. हाताने काम केलेलं असतं आणि मालक त्या वेळी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये असतो.

लावलं, की लावायचं नुसतं मनात आलं?

याला आणखी एक गुंता आहे. घरातून निघताना आपण मनातल्या मनात यादी घोकतो: गीझर, गॅस, खिडकी, कुलूप. प्रत्येक गोष्टीचं एक चित्र डोळ्यांपुढून जातं. थोड्या वेळाने मेंदूला दोन आठवणी वेगळ्या कराव्या लागतात, केल्याची आणि करायचं ठरवल्याची. ही छाननी आपण करतो कशी, याची मांडणी मार्शिया जॉन्सन आणि कॅरोल रे या दोघींनी १९८१ मध्ये केली. खऱ्या आठवणीला आवाज, स्पर्श, जागा असे बारकावे चिकटलेले असतात आणि कल्पनेला ते कमी असतात. त्यावरून आपण कौल लावतो. रोजच्या कुलपाला मुळातच बारकावे उरलेले नसतात, त्यामुळे खरी आठवणही कल्पनेइतकीच फिकट दिसते. सोसायटीच्या पाण्याचं बिल भरलं की भरायचं ठरवलं होतं, हा वाद त्याच घराण्यातला.

पण परत जाऊन बघितलं की प्रश्न मिटतो ना?

मिटायला हवा. मीही वर्षानुवर्षं तेच समजत होते, आणि या सगळ्या वाचनात मला खरा धक्का इथे बसला.

नेदरलँड्समध्ये मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवली. बटणं फिरवायची, बंद करायची, बंद झाली का तपासायचं. मग एका गटाला हेच काम शेगडीवर वीस वेळा करायला लावलं. दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळा दिवे तपासायला दिले आणि शेवटी फक्त एकदा शेगडीकडे परत आणलं. मग दोघांना विचारलं, शेवटच्या वेळी कुठली बटणं होती?

उत्तरं दोन्ही गटांची जवळजवळ सारखीच बरोबर आली. स्मरणशक्तीला काही झालेलं नव्हतं. पण वीस वेळा शेगडीच तपासणाऱ्यांची आठवण धूसर झाली होती, तिच्यातले बारकावे गळले होते आणि 'मला नक्की आठवतंय' हा भरवसा ढासळला होता. २००६ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये ॲडम रॅडम्स्की आणि सहकाऱ्यांनी हेच खऱ्याखुऱ्या शेगडीवर करून पाहिलं. भरवसा तिथेही तसाच ढासळला.

हे पटायला एक घरगुती प्रयोग पुरेसा आहे. 'कुलूप' हा शब्द मोठ्याने तीस वेळा म्हणा. विसाव्याच्या पुढे तो शब्दच राहत नाही, नुसता बुडबुड आवाज उरतो. लिहून दाखवा म्हटलं तर चूक होणार नाही, पण तो आपला वाटत नाही. वारंवार तपासण्याने कुलपाच्या आठवणीचं तेच होतं. नजर सरावते, बघणं नुसतं उरकणं होतं, आणि मनात उरतं ते 'मी तपासलं' हे कोरडं वाक्य, सोबतचं चित्र पुसलेलं.

थोडक्यात, परत जाऊन ओढल्याने कुलूप पक्कं होत नाही. आठवण मात्र कच्ची होते, आणि ती कच्ची झाली म्हणून उद्या पुन्हा जावंसं वाटतं. खाज सुटते म्हणून खाजवायचं, खाजवलं म्हणून खाज वाढते, तसलाच हा प्रकार.

मग इतकी निरुपयोगी खोड टिकली कशी?

पोस्टमनवर, पेपरवाल्यावर, मांजरावर भुंकणारा कुत्रा माणसं तरीही पाळतातच, कारण एका रात्री चोर येऊ शकतो. शंभर खोट्या भुंकण्यांची किंमत थोडी झोपमोड, एका चुकलेल्या भुंकण्याची किंमत तिजोरी. रँडॉल्फ नेस या अमेरिकन डॉक्टरांनी काळजी आणि भीतीबद्दल नेमका हा हिशोब मांडला आहे. त्यांनी उदाहरण धुराच्या अलार्मचं घेतलंय, पण आपल्या घरांतून कुत्रा जास्त ओळखीचा. चाळीस पायऱ्या विरुद्ध जळालेलं घर असा सौदा असेल तर मन पायऱ्या चढायचाच कौल देणार.

म्हणूनच अनेकांना रोज ऑफिसला जाताना न येणारी शंका आठ दिवसांच्या प्रवासाला निघताना येते. आठवण तेवढीच असते, पणाला लागलेलं वाढलेलं असतं. नळाचंही तसंच. पाणी गेलेलं असताना उघडा राहिलेला नळ आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून टपकणारं पाणी, हे ज्याने एकदा निस्तरलंय तो पुढची दहा वर्षं सगळे नळ पिळून निघतो.

हे माझ्या स्वभावाबद्दल काय सांगतं?

लोकांचा अंदाज असतो: ज्याचा कुणावर विश्वास नाही तो कुलूप ओढतो. मला हा अंदाज चुकीचा वाटतो, आणि त्याचं कारण माझे वडील.

ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडे. शाळेला सुट्टी असली की संध्याकाळी मी त्यांना आणायला जायचे, तेव्हा बघायचे. भलंमोठं कुलूप लावायचं, तीनदा ओढायचं, चार पावलं जायचं, परत येऊन चौथ्यांदा ओढायचं. हाच माणूस घराला कुलूप लावून एकदाही मागे न बघता जिना उतरायचा. घराचं कुलूप ओढायची ती आई. गोदामात मात्र तिला विचारलं असतं तर, "साहेबांनी लावलंय ना, मग झालं," म्हणाली असती.

एकच माणूस एका दाराशी संशयी आणि दुसऱ्या दाराशी बिनधास्त कसा? कारण गोदामाचं काही झालं असतं तर जाब त्यांना होता, घराचं काही झालं असतं तर आईला. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात घराचं कुलूप त्यांच्या ताब्यात आलं आणि त्याबरोबर ओढणंही आलं. आईचं बंद झालं. स्वभाव कोणाचाच बदलला नव्हता, किल्ली फक्त हात बदलून गेली होती.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोव्स्किस यांनी १९८५ मध्ये वारंवार तपासण्याच्या मुळाशी हेच धरलं: 'काही वाईट घडलं तर ते माझ्यामुळे' ही प्रमाणाबाहेर वाढलेली जबाबदारीची जाणीव. पुढे १९९५ मध्ये लोपॅटका आणि रॅकमन या मानसशास्त्रज्ञांनी तपासायची तीव्र सवय असलेल्या लोकांवर ते आजमावून पाहिलं. "काही झालं तर जबाबदारी आमची," असं प्रयोग करणाऱ्यांनी कबूल केलं तेव्हा तपासण्याची ओढ आणि तगमग दोन्ही उतरली. कुलूप तेच, स्मरणशक्ती तीच.

तेव्हा कोणाची खोड बघून त्याचा स्वभाव ओळखायचा असेल तर तो *किती वेळा* तपासतो यापेक्षा *काय* तपासतो ते बघावं. गॅस तपासणारी, मुलांच्या दप्तरात डबा गेला का बघणारी, पाठवलेला मेल पुन्हा उघडून वाचणारा, औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या मोजणारा. प्रत्येकाने आयुष्यात कुठली किल्ली सांभाळायला घेतली आहे, किंवा कोणी त्याच्या गळ्यात मारली आहे, ते त्यातून दिसतं. बायकांच्या वाट्याला गॅस, दूध आणि फ्रिजचं दार बहुधा का येतं, याचं उत्तर मेंदूत शोधायची गरज नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. राखणदार शनिदेव, अशी तिथली श्रद्धा. युको बँकेने २०११ मध्ये तिथे शाखा काढली तीही कुलपाविना, म्हणून बातमीत आली होती. लोपॅटका-रॅकमनच्या प्रयोगाकडे बघून मला नेहमी हे गाव आठवतं. जबाबदारी एकदा देवाने घेतली की जिना परत चढायचं कारणच उरत नाही. गॅसचं काय करतात ते मात्र विचारायला हवं.

स्वभावाचा वाटा अगदीच नाही असंही नाही. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मोठे पैलू मानतात, त्यातला एक चटकन काळजीत पडण्याचा आणि एक काटेकोरपणाचा. हे दोन्ही कमी-जास्त असतातच, आणि जबाबदारी कुठल्या मातीत पडते यावर पीक ठरतं. पण ही माणसं बेभरवशाची, असं म्हणणाऱ्यांनी एकदा विचार करावा की गावाला जाताना ते स्वतःची किल्ली कोणाकडे ठेवून जातात.

"वय झालं, विसरायला लागले," असं तर नाही?

साठीच्या पुढच्यांना ही भीती फार छळते. नुसती शंका येणं आणि खरोखर चूक होणं यात फरक करा. परत गेल्यावर कुलूप दर वेळी लागलेलं सापडत असेल तर आठवण आपलं काम करते आहे, डळमळीत आहे तो भरवसा. गॅस खरंच चालू सापडू लागला, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जाऊ लागला आणि विचारल्याची आठवणही नसली, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. अशा वेळी बहुधा शंका त्या माणसाला येत नाही, घरच्यांना येते.

मग मंत्रचळ म्हणायचं कधी?

ओसीडीला मराठीत 'मंत्रचळ' असा जुना, नेमका शब्द आहे. नको असलेला विचार मंत्रासारखा मनात फिरत राहतो आणि तो शांत करायला एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. असे नकोसे विचार येणं हे मात्र आजाराचं लक्षण नाही. १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा सुमारे ९४ टक्क्यांनी मागच्या तीन महिन्यांत असा एखादा तरी विचार येऊन गेल्याचं सांगितलं. 'दार उघडं राहिलं असेल' हा त्यातलाच एक.

आजार ठरवताना डॉक्टर वेळ आणि त्रास बघतात. दिवसातला तासभर किंवा जास्त वेळ यात जात असेल, नोकरी-संसार अडू लागला असेल, न तपासल्यास जीव कासावीस होत असेल, तर ती खोड राहिलेली नाही. दोन जिने चढून हसत खाली येणारीला 'ओसीडी' म्हणणं म्हणजे शिंक आली की न्यूमोनिया म्हणणं. आणि ज्यांना खरंच तो आजार आहे, त्यांचं दुखणं आपण त्यामुळे चेष्टेवारी नेतो, हे मला जास्त खटकतं.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. त्यातल्या मुख्य पद्धतीची सुरुवात १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी केली: ज्याची धास्ती वाटते त्या प्रसंगाला थोडं थोडं सामोरं जायचं आणि तपासण्याची कृती मात्र करायची नाही. तगमग चढते, शिखराला जाते आणि आपली आपण उतरते, हे शरीराला कळेपर्यंत. सोबत औषधंही असतात. बोलायला कोणी हवं असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत आणि मराठीतही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जाते का?

खोड वाईट असते असं ही म्हण गृहीत धरते. मराठीत 'ती खोड' म्हणजे वाईट सवय आणि 'ते खोड' म्हणजे झाडाचा बुंधा. फांदी समजून छाटायला जावं आणि बुंध्याला कुऱ्हाड लागावी, असं खोडींच्या बाबतीत होऊ शकतं. जबाबदारी सोडून देता येत नाही. ओढणं कमी करता येतं, आणि त्यासाठी आठवणीला मुद्दाम एक खाडा पाडावा लागतो.

जपानी रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट करून त्याची स्थिती मोठ्याने म्हणतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या चाचणीत या साध्या सवयीने चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडेही इंजिनातले लोको पायलट आणि त्यांचे सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना पुकारून सांगतात. बोट, डोळा, तोंड आणि कान एका कामाला जुंपले की हाताची आठवण प्रसंगाची होते.

वडील चौथ्यांदा ओढून झालं की मोठ्याने "झालं!" म्हणायचे. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. आता कळतं, ते चौथ्याच्या जागी पहिल्याच वेळी म्हणाले असते तर पुरेसं होतं.

मी सध्या दाराशी उभी राहून "मंगळवार, निळी ओढणी, झालं" असं म्हणते. दिवस आणि त्या दिवसाची एखादी खूण जोडायची, म्हणजे मंगळवारचं कुलूप सोमवारच्यात मिसळत नाही. आणि त्यानंतर ओढायचं नाही. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा बराच अवघड आहे. पहिले काही दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर मी कठडा धरून उभी राहायचे.

"फोनवर फोटो काढून ठेव की!"

हा सल्ला माझ्या मुलाचा, आणि अजून कोणाकोणाचा असेल. लांबच्या प्रवासाला निघताना एखादा फोटो काढायला हरकत नाही, शेजाऱ्यांना फोन करण्यापेक्षा ते बरं. रोजच्यासाठी मात्र तो चालत नाही, कारण फोटो बघणं हेही ओढून बघणंच आहे, फक्त जिना वाचतो. मी दोन महिने करून बघितलं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की फोटो उघडायचा, कुलूप लागलेलं दिसायचं, जीव भांड्यात पडायचा. मग घाटकोपर येईपर्यंत मनात यायचं, हा आजचाच ना? तारीख बघायची. तारीख आजची असायची. वेळ सात पंचावन्न. पण फोटो काढताना कुलूप तर नीट लागलं होतं, त्यानंतर मी छत्री घ्यायला पुन्हा आत गेले होते का?

गॅलरीत त्या एकाच कुलपाचे एकोणचाळीस फोटो झाल्यावर मी ते सगळे पुसून टाकले. पुसल्यावर एकदा तपासलं, गेले का.